वारा सुटला की विमान पिसाळतं: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

दरवर्षी मे संपत आला की माझ्याकडे तीच तक्रार येते. परवाच्या रविवारी कॉलेजातल्या एका पोराने मोटारसायकलवरून उतरून पोत्यातून रिमोटवर उडणाऱ्या विमानाचे दोन तुकडे काढले आणि म्हणाला, "काका, सकाळी एकदम सरळ उडतं. वारा सुटला की पिसाळतं. मोठी मोटर टाकू का?" मोटर चांगलीच होती. मी आधी त्याचा रिमोट हातात घेऊन एलेव्हेटरचं (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) ट्रिम बघितलं, म्हणजे दांडी मोकळी सोडल्यावर ती पट्टी कुठे राहते ते. नऊ टिचक्या खाली! निम्मा उलगडा तिथेच झाला. तो कसा, ते पुढे येईलच.

आमचा माळ तासगावच्या बाजूला. एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला ऊस, मधे उडवण्यापुरती मोकळी जागा. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा थांबतच नाही. मार्च ते मे सकाळी साडेआठपर्यंत पान हलत नाही, आणि अकरा वाजले की वावटळी उठायला लागतात. पूर्वेला ढालगावकडे पवनचक्क्या काही उगाच उभ्या केलेल्या नाहीत. इथे शिकणारा जवळजवळ प्रत्येकजण पहिलं विमान वाऱ्यातच मोडतो आणि प्रत्येकाला वाटतं की दोष फक्त आपल्याच विमानात आहे.

खाली लिहिलंय ते फोमच्या चार चॅनेलच्या ट्रेनरबद्दल, म्हणजे शिकायच्या विमानाबद्दल. पंख वरच्या अंगाला, टोकापासून टोकापर्यंत सव्वा मीटरच्या आसपास, वजन बॅटरीसकट किलोच्या आत, तीन सेलची 2200 एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. थर्माकोल किंवा सनबोर्ड कापून घरी केलेल्या विमानालाही यातलं बहुतेक लागू पडेल.

लक्षणं

यातलं काय होतंय ते आधी नीट आठवा. शक्य असेल तर मित्राला मोबाइलवर चित्रण करायला सांगा, कारण घाबरलेल्या माणसाला नंतर काहीच धड आठवत नाही.

- वाऱ्याकडे तोंड केलं की विमान फुग्यासारखं वर चढतं, नाक खाली दाबलं की एकदम सूर मारतं.
- वाऱ्याबरोबर जाताना वळवलं की एक पंख टाकतं आणि गिरकी घेत खाली येतं.
- वळणं बरोबर घेतोय असं वाटतं, पण विमान दर फेरीला लांब लांब जात राहतं आणि परत येताना जागेवर टांगल्यासारखं दिसतं.
- उतरताना शेवटच्या दोन-तीन मीटरवर धपकन बसतं.
- सरळ उडताना शेपूट हलत राहते किंवा पंख थरथरतात.
- जोराचा झोत आला की क्षणभर रिमोटचं काही ऐकतच नाही.

पहिल्या चारांमध्ये बहुतेक वेळा पैसे खर्च करावे लागत नाहीत. पाचव्यात थोडे लागतात. सहावं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटाकडे जा, आणि तोवर विमान उडवू नका.

आधी वारा मोजा

मोबाइलवरचा अंदाज जिल्ह्याच्या ठिकाणचा असतो, तुमच्या माळावरचा नाही. एका वेळूच्या काठीला हातभर रिबन बांधा आणि ती उभे राहता तिथे रोवा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, रिबन ताणून उभी राहत असेल तर वारा ताशी 12 ते 19 किलोमीटर आहे. धूळ आणि कागदाचे कपटे उडायला लागले, लहान फांद्या हलायला लागल्या तर 20 ते 28. लहान झाडं डोलायला लागली तर 29 च्या वर. दर्यावर्दी लोकांची ब्यूफोर्ट मोजपट्टी आहे ही, माळावरही चालते.

नवशिक्याने 12 च्या खाली शिकावं, 19 पर्यंत जाणत्याला शेजारी उभं करून उडवावं. धूळ उडायला लागली की गाडीत ठेवून चहा प्यायला जावं. किलोच्या आतलं ट्रेनर साधारण ताशी 45 किलोमीटरने उडतं. समोरून 25 चा वारा असेल तर जमिनीवरून बघणाऱ्याला ते 20 ने सरकताना दिसतं, आणि पाठीमागून असेल तर 70 ने.

वाऱ्याच्या सरासरीपेक्षा झोत जास्त घातक. रिबन सतत ताणलेली असेल तर 18 चा वारासुद्धा निभावतो. एकदा लोंबते, एकदा सपकन उठते असं चाललं असेल तर 12 चासुद्धा त्रास देतो. आणि एप्रिलच्या दुपारी पाचोळा गोल फिरत वर जाताना दिसला तर त्या बाजूला विमान नेऊच नका. वावटळीत सापडलेलं विमान मी एकदाच बघितलंय. पंख एकीकडे, धड दुसरीकडे, आणि मालक मधे.

मग उभे कुठे राहता ते बघा

झाडांची रांग, घर, बांध, काहीही वाऱ्याच्या वाटेत असेल तर त्याच्या पलीकडे हवा घुसळते. दहा मीटरची झाडं असतील तर त्यांच्या मागे शंभर मीटरपर्यंत ती घुसळण सापडू शकते. आमच्याकडे पश्चिमेला सुरूची रांग आहे. पावसाळ्यात त्या रांगेच्या सावलीत विमान उतरवायला गेलेला माणूस हमखास म्हणतो, "डावा सर्व्हो गेला वाटतं." सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) ठणठणीत असतो. पन्नास पावलं सरकून उभे राहिलात तर निम्मी तक्रार संपते, म्हणून ही तपासणी दुसऱ्या नंबरवर.

दुसरी गोष्ट: विमान कायम तुमच्यापेक्षा वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा. वारा पश्चिमेचा असेल तर तुमच्या पश्चिमेला. हिशेब साधा आहे. 20 चा वारा म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. विमान जागच्या जागी गोल फिरतंय असं समजून तुम्ही मिनिटभर फेऱ्या मारल्यात, तर ते 330 मीटर वाहून गेलेलं असतं. तेवढ्या अंतरावर सव्वा मीटरच्या पंखाचा नुसता ठिपका दिसतो. नाक कुठे आणि शेपूट कुठे कळत नाही. पाचशे मीटर वाऱ्याबरोबर जायला अठ्ठावीस सेकंद लागतात, आणि तेवढंच परत यायला बहात्तर. बॅटरी संपत आलेली असताना ही गोष्ट लक्षात आली तर उपयोग नाही.

माझं पहिलं विमान असंच गेलं. तीन रविवार उसात शोधलं, पात्यांनी हात सोलवटून निघाले. सापडलं ते जानेवारीत, तोडणी आली तेव्हा. फोम उंदरांनी कुरतडला होता आणि बॅटरी उशीसारखी फुगली होती. तेव्हापासून विमान पडलं की मी आधी जागचा हलत नाही. ते जिथे दिसेनासं झालं त्या रेषेतलं एखादं झाड किंवा खांब लक्षात ठेवतो आणि मगच चालायला लागतो.

आता तुमचा अंगठा

हे कुणालाच ऐकायला आवडत नाही, पण बहुतेक विमानं इथेच मोडतात.

विमान हवेत असताना त्याला फक्त आजूबाजूच्या हवेचा वेग कळतो. वारा एकसारखा वाहत असेल तर त्याच्या दृष्टीने हवा स्थिरच असते, कारण ते त्या हवेबरोबरच वाहत असतं. नदीच्या पाण्यात पोहणाऱ्याला पाण्याच्या मानाने हात तेवढेच मारावे लागतात, काठ मात्र वेगळ्याच गतीने सरकतो. जमिनीवर उभं राहून काठ बघणारे आपण. वाऱ्याबरोबर चाललेलं विमान सुसाट जाताना दिसतं, म्हणून आपण नकळत थ्रॉटल (मोटरचा जोर) कमी करतो आणि एलेव्हेटर ओढून त्याला हळू करतो. डोळ्याला ते आता बरोबर वेगाने चाललेलं वाटतं. प्रत्यक्षात पंखावरून वाहणारी हवा इतकी कमी झालेली असते की वळवायला एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) दिला की एक पंख स्टॉल होतो, म्हणजे उचल गमावतो, आणि विमान त्याच बाजूला कोसळतं. "वाऱ्याबरोबर वळवलं की पंख टाकतं" ही तक्रार बहुतेकदा अशी घडते.

तपासणी फुकट आहे. शांत सकाळी विमान उंच नेऊन थ्रॉटलची दांडी कुठे असताना ते सरळ पातळीत उडतं ते बघा आणि रिमोटवर पेनाने खूण करा. वारा असेल त्या दिवशी वाऱ्याबरोबर जाताना आणि वळताना दांडी त्या खुणेच्या खाली आणू नका. विमान कितीही पळताना दिसलं तरी. त्यानंतर पंख टाकणं थांबलं तर विमानात काही दोष नव्हता, आणि पुढचं वाचायची घाई नाही.

फुग्यासारखं वर चढण्यामागे मात्र खरोखर हवेचा खेळ असतो. पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. विमान 45 ने उडतंय आणि समोरून अचानक 10 चा झोत आला, तर क्षणभर पंखावरची हवा 55 ची झाली आणि उचल जवळजवळ दीडपट. ट्रेनरचा पंख खालून सपाट आणि उचल देणारा असतो, त्यामुळे ते चढणारच. नवशिका घाबरून नाक दाबतो, तोवर झोत गेलेला असतो, आणि विमान सूर मारतं. मग तो ओढतो. दोन-तीनदा असं झालं की जमीन येते. औषध एकच: झोत आला की एलेव्हेटरला हलकाच अंगठा लावायचा, थ्रॉटल अगदी थोडा कमी करायचा आणि एक श्वास थांबायचं. पहिल्या दिवशी हे जमत नाही.

त्या पोराच्या नऊ टिचक्या इथून आल्या होत्या. विमान वर चढतंय म्हणून त्याने हवेतच ट्रिम खाली, आणखी खाली असं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला, विमान हातातून सोडल्याबरोबर नाकावर. ट्रिम शांत हवेत लावायचं आणि वाऱ्यात त्याला हात लावायचा नाही.

उतरतानाचा धपका जमिनीजवळच्या वाऱ्यामुळे. गवत, ढेकळं, बांध यांच्या अडथळ्याने जमिनीलगत वारा कमी असतो. समोरच्या वाऱ्यावर विसंबून हळू उतरणारं विमान त्या मंद थरात शिरलं की तेवढा वेग एकदम गमावतं. म्हणून वाऱ्यात थ्रॉटल पूर्ण बंद करून उतरू नका. चाकं टेकेपर्यंत थोडा चालू ठेवा, आणि नाक वाऱ्याकडेच. उतरायची धावपट्टी दुसऱ्या दिशेला असली तर ती सोडून द्या. ढेकळात वाऱ्याच्या तोंडावर उतरलेलं विमान धावपट्टीवर आडव्या वाऱ्यात उतरवलेल्यापेक्षा धडधाकट राहतं.

रिमोटची सेटिंग

शिकवणाऱ्याने बहुधा सुरुवातीला लो रेट लावून दिलेला असतो, म्हणजे दांडी पूर्ण ढकलली तरी एलरॉन थोडाच हलतो. शांत हवेत ते बरोबर. वाऱ्यात झोताने कललेलं विमान सरळ करायला तेवढा एलरॉन पुरत नाही. हाय रेट लावा आणि मधे अंगठा हलका पडावा म्हणून 30 टक्के एक्स्पो, म्हणजे दांडी मधल्या भागात हलवली तर पट्टी कमी हलते. हे खाली जमिनीवर करा, उडता उडता स्विच मारून बघू नका.

सीजी

सीजी म्हणजे विमानाचा गुरुत्वमध्य, तोल साधतो ती जागा. मागे जड विमान शांत हवेत कसंबसं उडतं, वाऱ्यात नाही. बॅटरी बसवून, उडायला तयार अवस्थेत पंखाखाली दोन बोटं लावून तोला. कंपनीची खूण असेल तिथे, नसेल तर पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या (पुढची कड ते मागची कड) पंचवीस ते तीस टक्क्यांवर. पंख 20 सेंटिमीटर रुंद असेल तर 5 ते 6 सेंटिमीटर. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपटी खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. जागा उरली नसेल तर नाकात नाणं चिकटवा. दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅम भरतं, वजन करायला काटा लागत नाही.

बॅटरीचा वेल्क्रो ढिला असेल तर पहिल्याच झोतात ती मागे घसरते आणि वरचा सगळा हिशेब फुकट जातो. विमान उलटं धरून हलवा, बॅटरी तसूभरही हलायला नको.

वाऱ्यासाठी विमान जड करा असा सल्ला कुणी देईल. जड विमानाला झोत कमी लागतो हे खरं, पण 20 टक्के वजन वाढवलं की स्टॉलचा वेग साधारण 10 टक्क्यांनी वाढतो आणि आपटल्यावर मोडतोडही तशीच. शिकत असाल तर ते ऐकू नका.

ढिलेपणा: वीस-पन्नास रुपयांचं काम

शेपूट हलते, पंख थरथरतात, त्याचा शोध इथे. आधी प्रॉप (मोटरवरचा पंखा) काढून ठेवा (हे विसरू नका, बोटं एकदाच मिळतात), मग रिमोट आणि विमान चालू करा आणि प्रत्येक हलती पट्टी दोन बोटांत धरून हळूच हलवा. एलेव्हेटरची कड दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सैल हलत असेल तर दोष सापडला. मग मागे मागे जायचं. बिजागरी फाटली आहे का, हॉर्नचं (पट्टीवरच्या कानाचं) भोक मोठं झालंय का, क्लेव्हिस (त्या भोकात अडकणारी चिमटी) ढिला आहे का, पुशरॉड (सर्व्होपासून येणारी तार) वाकतोय का, सर्व्होच्या दात्यांमध्ये खेळ आहे का. भोक मोठं झालं असेल तर हॉर्न बदला. तिथे डिंक भरून परत भोक पाडणारे मला माहीत आहेत, त्यांची विमानंही माहीत आहेत.

पंख रबराने बांधलेला असेल तर रबर दर महिन्याला बदला. उन्हात रबर तडकतो, ताण जातो, आणि झोतात पंख नखभर वळतो. तेवढंही पुरतं. फोम चिकटवताना एक सावधानी: साध्या थर्माकोलवर झटपट सुकणारा डिंक टाकलात तर तो थर्माकोल खातो.

मोटरचा माउंटही याच वेळी हलवून बघा. ट्रेनरची मोटर मुद्दाम किंचित खाली आणि उजवीकडे वळवलेली असते. एकदा नाकावर आपटलं की माउंटच्या मागचा फोम दबतो, तो कोन बिघडतो, आणि थ्रॉटल दिला की विमान वर चढायला लागतं. फुग्याची तक्रार वारा नसतानाही, फक्त थ्रॉटल दिल्यावर येत असेल तर दोष वाऱ्याचा नाही, इथला आहे. वरच्या स्क्रूंखाली वॉशर घालून मोटर परत खाली झुकवता येते.

पंखाचा पीळ

मागून उभं राहून, एक डोळा मिटून दोन्ही पंखांच्या मागच्या कडा बघा. एक वर, एक खाली दिसली तर पीळ आहे. उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या फोमला तो बसतो. थोडा असेल तर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून, उलट्या बाजूला हलका पिळून, गार होईपर्यंत धरून ठेवा. आतली कार्बनची नळी तडकली असेल (पंख वाकवला की कट् आवाज येतो) तर पट्टी चिकटवून उडवू नका. ती नळी पूर्ण बदलायची, नाहीतर नवा पंख.

बॅटरी

वाऱ्यात थ्रॉटल जास्त लागतो, सकाळी दहा मिनिटं चालणारी बॅटरी सहा मिनिटांतही बसते. टायमर निम्म्यावर आणा. उतरल्यावर दर सेलला 3.7 व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. तीन सेलमध्ये एकच सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, किंवा बॅटरी फुगलेली असेल, तर ती संपली. टाचणीने हवा काढायचा प्रयत्न कुणी करू नका, लिपो पेट घेते. वाळूच्या डब्यात ठेवा, घराबाहेर, आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

इथे थांबा

जायरो (विमान आपोआप सावरणारा भाग) बसवलेला असेल आणि विमान भरभर डुलत असेल तर त्याचा गेन, म्हणजे सावरण्याचा जोर, कमी करा, एवढंच घरी करा. एक चाचणी जरूर करा: विमान हातात धरून नाक वर उचला, एलेव्हेटर खाली गेला पाहिजे. उजवा पंख खाली झुकवा, उजवा एलरॉन खाली गेला पाहिजे. उलट झालं तर ते विमान हातातून सुटल्याबरोबर उलटणार. सेटिंग समजत नसेल तर जाणत्याकडे द्या.

झोतात क्षणभर रिमोट ऐकत नसेल तर बहुधा रिसीव्हरला वीज कमी पडते. झोतात चारही सर्व्हो एकदम जोर लावतात आणि ईएससीतला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) छोटा बीईसी (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग) दमतो. टेबलावर प्रॉप काढून सगळ्या दांड्या एकदम जोरात फिरवा. रिसीव्हरचा दिवा लुकलुकला तर हेच कारण. दिवा स्थिर राहिला तर अँटेना, जोडण्या किंवा खुद्द रिमोट. दोन्ही प्रकारांत पुढचं काम अनुभवी माणसाचं. अंदाजाने तारा कापून जोडलेलं विमान माणसांच्या डोक्यावर पडू शकतं. रिमोट बंद केल्यावर मोटर थांबते ना, हे मात्र प्रॉप काढून आजच बघा. थांबत नसेल तर फेलसेफ (रिमोटचा संपर्क तुटला की मोटर बंद करणारी सेटिंग) लावल्याशिवाय उडवायचं नाही.

सगळं तपासून झालं, विमान ठीक निघालं, आणि तरी वाऱ्यात तीनदा पडलं, तर सुटे भाग घेणं थांबवा आणि शिकवणारा शोधा. दोन रिमोट जोडून शिकवणारा मिळाला तर उत्तम; चूक झाली की तो एका स्विचने विमान आपल्याकडे घेतो. जवळपास कुणी नसेल तर एनसीसीच्या एअर विंगकडे चौकशी करा, त्यांच्याकडे एअरोमॉडेलिंग शिकवतात. आणि नवीन माळ धरायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात तो हिरव्या भागात आहे ना ते बघून घ्या.

विजेच्या तारांत अडकलेलं विमान वेळूने काढायला जाऊ नका. काल पाऊस झालेला असेल तर वेळू ओला असतो, आणि पंखातल्या कार्बनच्या नळीतून वीज वाहते. महावितरणच्या वायरमनला बोलवा, तो लाइन बंद करून काढून देईल. आमच्याकडचा दरवेळी हसतो आणि म्हणतो, "पोरांनो, पतंग तरी स्वस्त होता."